नावं नसलेला रिपोर्ट

आमच्या फार्मसी कॉलेजात आजही एखादा पोरगा सिगारेट ओढताना सापडला की स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "शेख मॅडम असत्या तर पोराला सोडून आपल्यालाच झापलं असतं." सगळे हसतात. मी चहाचा कप उचलून व्हरांड्यात जातो. झापून घेणाऱ्यांत पहिला नंबर माझा असायचा, आणि आता वाटतं, ते झापणं कमीच पडलं.

सबीहा शेख. माजलगावच्या. वडिलांचं तिथं मोंढ्याजवळ ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. मॅडम आमच्याकडं औषधशास्त्र शिकवायच्या, म्हणजे कुठलं औषध अंगात गेल्यावर काय करतं हा विषय. चार वर्षं होत्या, चारही वर्षं तासिका तत्त्वावर. जून आला की पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे प्राचार्यांच्या मर्जीवर. मी तेव्हाही पर्मनंट होतो, आजही आहे. परीक्षा विभाग माझ्याकडं, वेळापत्रकंही माझीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

बाई बुटक्या, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडं जाणारा. निळ्या स्कूटीवरून यायच्या. ती बिघडली की पार्किंगमध्येच पाना काढून बसायच्या. पोरं मदतीला धावली की म्हणायच्या, "व्हा बाजूला. तुमाला स्टँड लावता येत न्हाई नीट." ॲप्रनच्या खिशात कायम शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तोंडी परीक्षेला पोरगं समोर आलं की पहिला प्रश्न औषधाचा नसायचा.

"जेवलास का?"

"न्हाई मॅडम."

"मग कावून आलास उपाशी? घे, आधी हे खा. उत्तर कुठं पळून चाललंय."

बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघायचे. पोरगं तोंडात शेंगदाणे कोंबून उभं असायचं आणि मॅडम त्याच्या रोल नंबरावर बोट ठेवून निवांत थांबलेल्या असायच्या.

जर्नल तपासायची त्यांची पद्धत तर सगळ्या स्टाफला खटकायची. आम्ही केबिनमध्ये बसायचो आणि बाहेर पोरांची रांग लागायची. मॅडम त्या रांगेपाशी स्वतः जायच्या, व्हरांड्याच्या कठड्यावर जर्नल ठेवून उभ्या-उभ्या सह्या करायच्या. मी एकदा म्हणालो, "मॅडम, बसून करा की. शिपायासारखं काय उभं राहायचं?"

"शिंदे सर, पोरगं तासभर बाहेर थांबलं की काय करतं माहीत हाय का? टपरीवर जातं. तिथं दुसरी दहा पोरं आधीच थांबलेली असतात, दुसऱ्या सरांच्या सहीसाठी."

टपरी म्हणजे कॉलेजच्या मागच्या फाटकाबाहेरची नामदेवची. चहा, बिस्किटं, झेरॉक्स आणि सुटी सिगारेट. वर्षाच्या सुरुवातीला तिथं पाच-सहा पोरं दिसायची. सेशनल परीक्षा, जर्नलचं सबमिशन आणि प्रोजेक्टचा व्हायवा एका आठवड्यात आले की बाकड्यावर जागा मिळायची नाही. तीनही एका आठवड्यात आणणारा माणूस मी होतो. विद्यापीठाच्या तारखा यायच्या, प्राचार्यांना निकाल लवकर हवा असायचा, मी वेळापत्रकाच्या तक्त्यात खाने पाडायचो आणि त्यात विषय भरायचो. पोरांचं काय होतं हा खाना त्या तक्त्यात नव्हता.

मग एका वर्षी वरून परिपत्रक आलं, तंबाखूमुक्त परिसराचं. प्राचार्यांनी कंबर कसली. भिंतीवर घोषणा रंगवल्या. मैदानात पोरांना हात पुढं करून शपथ दिली, फोटो काढले. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही म्हणून दोन शिपाई टेप घेऊन फाटकापासून मोजत निघाले. शंभर यार्ड भरले तिथं रस्त्यावर पिवळा पट्टा मारला. नामदेवची टपरी आत भरली. नामदेवनं वाद घातला नाही. त्यानं चौघांना बोलावलं, पत्र्याची टपरी उचलून पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं नेऊन ठेवली आणि पुन्हा चहा टाकला. ज्यांनी टपरी उचलली ती आमचीच पोरं होती, सकाळी शपथ घेतलेली. तरीही प्रमाणपत्र आलं. ते काचेत बसवून प्राचार्यांच्या खुर्चीमागं टांगलं गेलं.

पाठोपाठ पथक नेमलं. रोज एका प्राध्यापकानं मधल्या सुट्टीत टपरीवर जायचं, ओढणाऱ्यांची नावं लिहून आणायची, की ती नोटीस बोर्डावर, आणि वर दंड. माझी पाळी आली तेव्हा मी लांबूनच सहा नावं टिपली आणि परतलो. शेख मॅडमची पाळी दुसऱ्या दिवशी. त्या सरळ जाऊन बाकड्यावर पोरांच्या मधोमध बसल्या. नामदेवच पुढं कित्येक दिवस सांगायचा, की पोरांनी सिगारेटी कुठं टाकल्या ते त्यालाही दिसलं नाही, एकानं तर मुठीत दाबून हात भाजून घेतला.

"नामदेवभाऊ, एक चहा," मॅडम म्हणाल्या. मग त्या पोराकडं वळून, "हात पाण्यात घाल, गाढवा. आणि सांग, आज काय हुतं तुझं?"

दुपारी प्राचार्यांच्या टेबलावर त्यांचा रिपोर्ट. मी तिथंच होतो. कागदावर आकडे, एक ते चौदा. प्रत्येकासमोर एक ओळ. 'दोन जर्नल आज, एक उद्या, रात्रभर जागा.' 'बहिणीच्या लग्नाचे पैसे मोडून फी भरली, नापास झालो तर घरी तोंड दाखवता येणार नाही.' 'इंग्रजी समजत नाही, विचारलं की सर हसतात.' 'पहिल्यांदाच ओढली, सगळे ओढत होते.' 'कारण सांगता येत नाही म्हणाला, रडला.'

प्राचार्यांनी कागद उलटून पाहिला. "मॅडम, नावं कुठायत?"

"नावं तुमच्याकडं हायेत की सर, हजेरीपटावर. ही कारणं नव्हती."

"मी कारणं मागितली नव्हती."

"हां, म्हणूनच आणली."

त्यांना परत पथकात घेतलं नाही. तो कागद मी उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कशाला ठेवला, तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पण बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. रोज माझ्या टेबलापाशी यायच्या. "सर, माझे अब्बा गिऱ्हाइकाला काय सांगतात माहीत हाय? धूर सायलेन्सरमधून निघतो, पण बिघाड सायलेन्सरमध्ये नसतो. वर बघा, इंजिनात. तुमी लोक सायलेन्सरवर बोर्ड लावून राहिलेत, धूर सोडू नये." मी म्हणायचो, तारखा माझ्या हातात नाहीत. त्या म्हणायच्या, "सेशनल आन् सबमिशनमध्ये चार दिवस तरी सोडा. चार दिवस तुमच्या हातात हायेत."

एकदा वैतागून मी विचारलं, "तुम्हाला एवढं काय लागलंय मॅडम? पोरं वयात आली की ओढतातच. आम्हीही ओढली."

त्या टेबलावर वाकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी मिश्री लावायची, सर."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मिश्री, म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू, आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया दाताला लावायच्या.

"एम.फार्मला हुते. खालाच्या, मावशीच्या डबीतनं घ्यायची. पहिल्यांदा पेपरच्या दिवशी सकाळी, मग अभ्यासाला बसताना, मग दिवसातनं सात-आठदा. सिगारेट वढली असती तर घरातनं काढलं असतं मला. दात घासतीय म्हटलं, कुणी इचारलं न्हाई. हिरड्या सोलल्या तवा सोडली. निकोटिन मेंदूत काय करतं ते पुस्तकात वाचत हुते आन् दुसऱ्या हातानं लावत हुते." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "मुलींच्या होस्टेलमध्ये जाऊन बघा कधी. तुमच्या पथकाला टपरी तेवढी दिसती."

त्या सत्रात मी चार दिवस सोडले. प्राचार्य सुट्टीवर होते, मीच सही केली. मला वाटतं, पोरं जरा माणसात दिसली. पुढच्या सत्रात तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी सगळं पुन्हा एका आठवड्यात कोंबलं आणि मी मुकाट्यानं खाने पाडले. शेख मॅडमनी तक्ता वाचला, माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेल्या.

त्याच आठवड्यात सोमनाथ सापडला.

सोमनाथ तिसऱ्या वर्षाला होता. गेवराईकडचा, मेंढपाळाच्या घरचा. आईबाप वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरणारे. हा पहिल्या वर्षी कॉलेजात पहिला आलेला. तिसऱ्या वर्षी मागं पडायला लागला, बोटं पिवळी झाली. तो टपरीवर सापडला असता तर दंड भरून सुटला असता. सापडला तो रसायनांच्या स्टोअरशेजारच्या संडासात. भिंतीपलीकडं ॲसिटोनच्या बाटल्या. एक ठिणगी गेली असती तर काय झालं असतं हे सांगायला फार्मसी शिकावी लागत नाही.

त्याच्यावर सगळ्यात जास्त ओरडल्या त्या शेख मॅडमच. "जळून मेला असतास! दुसऱ्यालाबी घेऊन मेला असतास! ॲसिटोन शिकवलं न्हाई तुला?" पोरगं मान खाली घालून उभं. ओरडून दम लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "का रे?"

तो म्हणाला, "मॅडम, तेवढी पाच मिनिटं कुणी कायबी इचारत न्हाई."

प्राचार्यांनी हुकूम काढला: पालक आल्याशिवाय याच्या परीक्षेच्या फॉर्मला मान्यता नाही. फॉर्म विद्यापीठाच्या पोर्टलवर भरले जातात आणि कॉलेजनं मान्यता दिल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. ते बटण माझ्या लॉगिनमध्ये. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. हा दिवस बुधवार.

बापाचा फोन बंद. सोमनाथला फक्त एवढंच माहीत, की मेंढरं गोदावरीच्या अंगाला कुठल्यातरी शेतात बसवली असतील. गुरुवारी मॅडमनी मला जवळजवळ ओढूनच माझ्या गाडीत बसवलं, मागं सोमनाथ. गेवराईच्या पुढं वाळूच्या ट्रकांमागून धूळ खात आम्ही तीन गावं पालथी घातली. शेवटी कापूस निघालेल्या एका शेतात मेंढरं दिसली. मॅडम चपला हातात घेऊन ढेकळांतून चालत गेल्या.

बापानं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून बिडी काढली, मॅडमकडं बघून परत ठेवली.

"म्हंजी पोरगं बिडी वढतंय म्हनून परीक्षा न्हाई?"

"तसंच समजा, दादा."

"मी तर बारीकपनापासनं वढतो. आमाला कोन कशातनं काढलं न्हाई." मग पोराकडं वळून, "आरं, मला वाटायचं तू तिथं सावलीत बसून शिकतूस. तुला कशाचा ताप रं?"

मॅडम म्हणाल्या, "दादा, सावलीतबी ताप असतो. ते मागनं सांगते. उद्या कॉलेजात या, एवढंच करा."

"येतो की. हिच्यावर मेंढरं टाकून येतो." 'हिच्यावर' म्हणजे सोमनाथची आई, ती लांबूनच कोकरू काखेत धरून आमच्याकडं बघत होती.

शुक्रवारी बाप सकाळी नवाला हजर. धुतलेलं पागोटं, हातात काठी. प्राचार्य संस्थेच्या बैठकीला गेलेले. तो संध्याकाळपर्यंत लिंबाखाली बसून राहिला. शनिवारी परत आला. अकराला प्राचार्यांनी आत बोलावलं, उभ्या-उभ्या दहा मिनिटं शिस्तीवर बोलले आणि म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी शिस्त समितीसमोर विषय ठेवतो."

"सर, सोमवारी पोर्टल बंद झालेलं असंल," मॅडम म्हणाल्या.

"मग पुढच्या वेळी विद्यार्थी आधी विचार करतील." आणि ते गाडीत बसून गेले.

चार वाजता मॅडम माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर सोमनाथचा फॉर्म उघडा होता. फोटोत तो पहिल्या वर्षाचा, गालांवर मांस असलेला.

"दाबा, सर."

"प्राचार्यांचं लेखी नाही माझ्याकडं."

"पालक आल्याशिवाय न्हाई, असं लिहिलं हुतं. पालक आलेत. ते बघा, बाहेर बसलेत. लेखी ऑर्डर पुरी झाली."

त्यांचं बरोबर होतं. शब्दाशब्दानं बरोबर होतं. मी प्राचार्यांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मी भ्यालो होतो आणि त्या भीतीला जबाबदारी असं नाव देत होतो.

"मॅडम, माझ्यावर आलं म्हणजे?"

"काय येईल? मेमो येईल. तुमी पर्मनंट हाव. मला बटण असतं तर मी कवाच दाबलं असतं, आन् माझी तर नोकरीबी न्हाई, तास हायेत." मग पडद्यावरच्या फॉर्मकडं बोट करून, "न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा. पोराला मी सांगते. पण 'बघू' म्हणू नका."

मी 'बघू' म्हणालो. अजून एक फोन लावला. घड्याळात पाच झाले, पान आपोआप ताजं झालं आणि तिथं 'मुदत संपली आहे' असं आलं. मॅडमनी ते वाचलं. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. त्या फक्त म्हणाल्या, "सांगते त्यांना," आणि बाहेर गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. बाप काठी टेकून उठला, त्यांचं बोलणं ऐकलं, त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांनी घाईनं त्याचे हात धरून खाली केले.

सोमनाथचं वर्ष गेलं. जूनमध्ये शेख मॅडमचा करार वाढवला नाही. कारण म्हणून 'कार्यभार उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं. त्यांच्या जागी दोघांना घेतलं. निरोप समारंभ तासिकावाल्यांचा होत नाही. त्यांनी ॲप्रन घडी करून पिशवीत टाकला, लॅबच्या चाव्या माझ्याकडं दिल्या, सही घेतली आणि गेल्या.

गेल्यावरही त्यांनी सोमनाथला सोडलं नाही. मेंढरांमागं गेलेल्या पोराला त्यांनी शोधून काढलं, दर आठवड्याला फोन करून धडे म्हणून घेतले, पुढच्या वर्षीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरायला लावला. त्या वेळी मी बटण दाबलं. प्राचार्यांनी विचारलंसुद्धा नाही. इतकं सोपं होतं ते. तो पास झाला. आता एका औषध कंपनीत आहे. मार्कशीटच्या कामासाठी मध्ये त्याचा फोन आला होता. मी विचारलं, "सिगारेट सुटली का रे?"

"न्हाई सर. तिथं टारगेट असतंय महिन्याचं." मग घाईनं, "मॅडमला सांगू नका."

आणि आमचं कॉलेज? पथक आहे. पट्टा दर वर्षी नव्यानं रंगवतात. वेळापत्रक मीच करतो. कधी दोन दिवस सोडतो, कधी तेही जमत नाही. नव्या मॅडम केबिनमध्ये बसून सह्या करतात आणि बाहेर रांग असते.

गेल्या हिवाळ्यात प्राचार्यांबरोबर एका कार्यक्रमाहून परतत होतो. तंबाखूमुक्तीच्या कामाचाच सत्कार होता. शाल आणि नारळ मागच्या सीटवर पडले होते. मांजरसुंब्याच्या चौकात वाहनं अडकली. भर दुपार, ढाब्यांच्या पुढं ट्रकांची रांग. माझ्या बाजूच्या काचेतून दिसलं, की रस्त्याच्या कडेला शेख मॅडम उभ्या आहेत. भोवती कुठल्याशा कॉलेजच्या चार-पाच मुली, जीपची वाट बघत असाव्यात. एकीच्या हातातली वही त्यांनी घेतली होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हवेत काहीतरी समजावत होत्या. केस कानाशी पांढरे झालेले. आवाज काचेतून येत नव्हता, पण मुली हसत होत्या.

त्यांनी वर बघितलं आणि मला ओळखलं. मला खात्री आहे, कारण समजावणारा हात तसाच वर राहिला आणि त्यांनी तो हलवला, जुन्या सहकाऱ्याला हलवावा तसा, काही राग नसल्यासारखा.

प्राचार्यांनी फोनमधून डोकं काढलं. "कोण आहे? ओळखीचं कुणी?"

"नाही सर," मी म्हणालो.

पुढचा ट्रक सरकला. ड्रायव्हरनं गाडी बीडच्या रस्त्याला घातली.